विषय क्रमांक दोन, कप्तान

आमचे भानुदास तात्या जिलेबीसुद्धा ठरावाशिवाय खात नसत. ही थट्टा नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात पंगत बसली होती. वाढपी दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन आला तेव्हा तात्यांनी पानावर हात आडवा धरला आणि विचारलं, "सूचक कोन?"

वाढपी परगावचा. तो गांगरून म्हणाला, "मी नवरदेवाकडचा."

"तुजं गाव न्हाई इचारलं. जिलबी दुसऱ्यांदा वाढावी असं सुचवलं कुनी?"

शेजारच्या एकानं मान वर न करता हात वर केला. समोरच्या रांगेतून अनुमोदनाचा हात आला. तो बहुधा कढी मागत होता, पण तात्यांनी धरला. मग पानावरचा हात निघाला, जिलेबी पडली आणि तात्या समाधानानं म्हणाले, "आता कसं रीतसर गोड लागतंय." मी बाजूलाच होतो. नव्यानंच नोकरीला लागलेलो. माझा घास तोंडातच राहिला.

तात्या आमच्या दूध संस्थेचे चेअरमन आणि मी सचिव. गाव आष्टी तालुक्यातलं, म्हणजे पावसाच्या बाबतीत कायम तहकूब असलेलं. तात्यांना संस्था इतकी अंगी लागली होती की घर कुठं संपतं आणि सभा कुठं सुरू होते हे त्यांनाच कळेनासं झालं होतं. सभेचा एक नियम आहे: पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, आहेत तेवढ्या माणसांत भरवायची. तात्या हा नियम जेवणाला लावत. लेकी सासरी गेल्यापासून घरात दोघंच. तरी ते ताटावर बसून म्हणत, "गणपूर्ती न्हाई," आणि अर्धा तास थांबत. तोवर भाकरी वाळून जायची. यमुनाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढं गप्प बसून असत. काकूंचा आवाज मी इतक्या वर्षांत फारसा ऐकलाच नव्हता. एक म्हैस त्यांच्या नावावर होती म्हणून त्या संस्थेच्या सभासद होत्या. दूध घालायचं, फॅट किती लागलं ते विचारायचं आणि घागर कडेवर घेऊन निघून जायचं, एवढंच.

बऱ्या दिवसांत संस्थेनं एक टीव्ही घेतला होता. तो दूध संकलन केंद्रात, कॅन ठेवायच्या कट्ट्यावर असायचा आणि खोलीची चावी माझ्याकडं. त्या वर्षी दर रविवारी सकाळी अंतराळातली एक हिंदी मालिका लागायची. यान क्रमांक नऊ नावाचं एक यान पृथ्वी सोडून नव्या पृथ्वीच्या शोधात निघालंय, त्यात कप्तान दिवाकर, एक डॉक्टरीण, चांदीच्या तोंडाचा एक दुष्ट आणि एक यंत्रमानव. त्या यंत्रमानवाचं खरं नाव आकड्यांचं होतं. आमच्या गावानं त्याचं नाव डब्या ठेवलं. वीज रविवारी हमखास जायची, म्हणून नामदेवआण्णांच्या ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडलेली असे. आण्णा संस्थेतले विरोधक. तात्यांनी सूर्य पूर्वेला उगवतो असा ठराव मांडला असता तरी आण्णांनी विरोध नोंदवला असता. पण बॅटरी त्यांची असल्यामुळं मालिकेपुरतं त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पहिले काही रविवार तात्या सगळ्यांपुढं खुर्ची टाकून बसले. कप्तानावर त्यांचा राग होता. "ह्यो गडी एकट्याच्या मनानं निर्णय घेतो. यान कुठं न्यायचं ते बाकीच्यांना इचारलं का? नोटीस काढली का? असल्या मानसाच्या हातात मी दुधाचा कॅनबी दिला नसता," ते म्हणत. तरी रविवार चुकवत नसत. डब्या पडद्यावर आला की त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा. डब्या प्रत्येक गोष्टीला तीनदा होकार देतो, म्हणून तो त्यांना आदर्श सभासद वाटायचा.

मग दुष्काळ घट्ट आवळत गेला. शिवारात काडी उरली नाही आणि दोन-अडीच कोसांवर चारा छावणी उघडली. ज्याच्या घरी पोरं, त्यानं पोरं पाठवली. तात्यांना मुलगा नाही. ते स्वतः म्हशी घेऊन छावणीत राहायला गेले. छावणीत बांबूवर पाचट टाकलेली सावली होती, ऊस होता, टँकर होता, फक्त टीव्ही नव्हता. मी दूध आणायला रोज तिकडं जायचो. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला धरलं, "सचिव, कालचा भाग सांगा." मी सांगितला. तर म्हणाले, "तुमी इतिवृत्त वाचल्यावानी सांगता. चव न्हाई." पुढच्या सोमवारी त्यांनी मला विचारलंच नाही. उलट मलाच सांगायला लागले की काल डब्याचा पाय कसा मोडला आणि कप्तानानं तो कापसानं कसा बांधला. मला वाटलं, माझं लक्ष नसेल तेव्हा घडलं असेल. मी मान डोलावली.

काकू रोज भाकरी घेऊन छावणीत जात, त्यांनीच सांगितलं असणार, हे मला कळत होतं. आठवडेच्या आठवडे तसेच गेले.

मालिका संपली त्या रविवारी पडद्यावर पाटी आली: प्रेक्षकांनी आपला सर्वात आवडता प्रसंग पत्रानं कळवावा, निवडक प्रसंग पुन्हा दाखवले जातील. गावात दिवसभर तोच विषय. आण्णा आणि त्यांचे लोक चांदीच्या तोंडाच्या माणसाशी झालेल्या मारामारीवर ठाम होते. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी छावणीत सांगितली. तात्या म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होते. ते थांबले.

"एकेकट्यानं पत्र टाकून काय व्हतंय?" ते म्हणाले. "संस्थेचा ठराव जाऊ द्या. शिक्क्यानिशी. टीव्हीवाल्यांना तो मानावाच लागंल. सर्वसाधारन सभेची नोटीस काढा."

मी हसलो. ते हसले नाहीत. सभा तशी घ्यायचीच होती, कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती आणि छावणीतल्या चाऱ्यावरून लोकांच्या तक्रारी होत्या. तात्यांनी विषय सांगितले, मी लिहून घेतले. विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय दोन, आवडत्या प्रसंगाची निवड करणे. विषय तीन, चारा. मी पुन्हा वाचून दाखवलं, कारण मला वाटलं चूक माझीच झाली. "बराबर हाय," ते म्हणाले. गावात प्यायला पाणी नाही, जनावरं हाडांवर आलीत आणि चाऱ्याच्या आधी कप्तान. मी इतका हबकलो की सायकल तिथंच विसरून निघालो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

"परसंग कुठला मांडायचाय ते तरी सांगा," मी म्हटलं.

तात्या खाटेवर बसले. आवाज खाली आणून, एखादं गुपित सांगावं तसं सांगायला लागले. "कप्तानाची बायकू पृथ्वीवर हाय का न्हाई? ती रोज सांजच्याला यंत्रावरनं यानाला हाक मारती. कप्तान म्हन्तो, बंद करा ते, कामात हाय. रोज ती हाक मारती आन् रोज ह्यो बंद करतो. आन् एक दिस हाक येतच न्हाई. दुसऱ्या दिशीबी न्हाई. तवा कप्तान उठतो. कुनाला इचारत न्हाई, काय न्हाई, येवढालं यान गरकन् वळवतो पृथ्वीकडं." त्यांनी दोन्ही हातांनी ते यान वळवून दाखवलं. "मी तवा छावणीत व्हतो, सचिव. नुस्तं ऐकलं. ते एकदा डोळ्यानं बघायचंय. त्याच्यासाठी हा ठराव."

मी उभा होतो तो खाली बसलो. मी एकही रविवार चुकवला नव्हता. कप्तान दिवाकर अविवाहित होता. शेवटच्या भागात त्याचं आणि डॉक्टरणीचं जुळतंय की काय यावर गावात दोन तट पडले होते. त्याला बायको नव्हती, कुणी हाक मारली नव्हती आणि यान शेवटपर्यंत सरळ गेलं होतं.

गावात आलो तो थेट टँकरपाशी. काकू रांगेत होत्या. टँकर संकलन केंद्राच्या भिंतीलगतच यायचा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्या घागरीच्या काठावरनं बोट फिरवत राहिल्या.

"मी एकबी रविवारी बघितली न्हाई शिरेल," त्या म्हणाल्या. "टँकर त्याच टायमाला येतो. लायनीत हुबं राह्यलं की भिताडातनं आवाज यायचा. धडामधुडूम. त्याच्यावरनं मी काहीबाही जुळवायची. ह्यांना तिथं करमत न्हाई, भाऊ. म्हशीच्या तोंडाकडं बघत बसत्यात. गोष्ट सांगितली की दोन घास जास्त खात्यात."

"पण काकू, ते आता सभेत मांडणारेत."

त्यांचं बोट थांबलं. "तुमी काय बोलू नका. लोक हसत्याल त्यांना."

मला त्या दिवसापासून झोप लागेना. साऱ्या गावापुढं चेअरमन कप्तानाचं लग्न लावून मोकळे होणार आणि आण्णा ती वरात आष्टीच्या बाजारापर्यंत नेणार. मी तात्यांना आडून आडून सांगून पाहिलं. टीव्हीवाले असे ठराव मानत नाहीत, म्हटलं. ते म्हणाले, "मानत न्हाईत म्हंजी? शिक्का हाय." मारामारीचा प्रसंग बिनविरोध होईल, म्हटलं. ते म्हणाले, "सचिवानं चेरमनला सल्ला द्यावा, असं कुठल्या पोटनियमात हाय?" मी हात टेकले.

सभा मारुतीच्या पारावर भरली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, सगळ्यांत मागं काकू. तात्या छावणीतून आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले होते. इतिवृत्त कायम झालं. विषय दोन निघाला आणि तात्यांनी उभं राहून तो प्रसंग सांगितला. चांगला सांगितला. यान वळवताना त्यांनी पुन्हा दोन्ही हात फिरवले. पारावर कुणी हसलं नाही आणि क्षणभर मला वाटलं, निभावलं.

आण्णा उठले. "चेरमनसायेब, आमची बॅटरी जळत व्हती दर रविवारी. आमी तर काय ह्या कप्तानाची बायकू बघितली न्हाई. लगीन कवा झालं? जेवायला कोन कोन गेलतं?"

हशा पिकला. एकानं "आहेर काय केला?" म्हणून विचारलं. तात्या गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात पुरता विश्वास होता. "सचिव, चावी तुमच्यापाशी असती. सांगा सभेला. हाय का न्हाई परसंग?"

मी लेखणी खाली ठेवली. तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही.

"त्यांना इचारू नका," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. यमुनाकाकू उभ्या होत्या. आमच्या संस्थेच्या सभेत तोवर कुठलीही बाई बोलली नव्हती. लोकांना हसू आवरायचं लक्षात राहिलं नाही, ते तोंडावर तसंच राहिलं.

"शिरेलीत तसलं काय न्हाई," काकू म्हणाल्या. "ते मी जुळवलेलं हाय. शिरेल मी बघितलीच न्हाई कवा."

तात्यांनी टोपी काढली. पुन्हा घातली. "डब्याचा पाय?"

"माजंच."

"आन् कप्तान वळला ते?"

"तेबी मीच वळवला."

"कावून?"

काकू बोलल्या, आणि त्यांचा आवाज जराही चढला नाही. "मला ताप आलता. दोन दिस भाकर घिऊन आले न्हाई मी. तुमी बाजूच्या दावणीवाल्यात जेवलात. घरी काय झालंय म्हनून निरोपबी धाडला न्हाई. तिसऱ्या दिशी उठले आन् तशीच आले. तर तुमी पयलंच इचारलं, रविवारी काय झालं शिरेलीत. मंग मी ते सांगितलं."

मी आयुष्यात पुष्कळ सभा लिहिल्या. माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली पाहिली, खुर्च्या मोडलेल्या पाहिल्या. पण पारावर त्या वेळी जे झालं तसा धक्का मला कधी बसला नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. एक बाई ताप अंगात असताना चालत जाते, नवऱ्याला भाकरी वाढते, आणि जे त्यानं करायला हवं होतं ते एका परक्या कप्तानाकडून करवून घेते. आणि त्याला ते इतकं आवडतं की तो ते सरकारदरबारी मांडायला निघतो, आणि तरी त्याला कळत नाही. बायकांच्या रांगेत कुणीतरी पदर तोंडाला लावला. पुरुषांपैकी निम्मे जमिनीकडं बघत होते. मला वाटतं प्रत्येकाला आपापली भाकरी आठवत असावी.

शेवटी आण्णाच बोलले, आणि आण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदाच विरोधाखेरीज काही ऐकलं. "मंग पुढं काय झालं, वैनी? वळवलेलं यान पोचलं का घरी?"

"ते अजून म्हायती न्हाई," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तात्या उभेच होते. सूचक कोण, अनुमोदन कुणाचं, काहीच विचारेनात. मीच हळूच म्हटलं, "पुढचा विषय घ्यायचा का?" त्यांनी मान हलवली. चाऱ्यावर बोलणं सुरू झालं, भांडणं झाली, छावणीचा ऊस वाळका येतो यावर ठराव झाला. तात्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं ते पाराच्या पायऱ्या उतरले, बायकांच्या बाजूला गेले आणि मागच्या रांगेत काकूंच्या शेजारी मातीत बसले. तिथल्या बायकांनी अंग चोरून जागा केली. आमच्या गावात कुणी पुरुष असा बसलेला मी पाहिला नव्हता. उरलेली सभा आण्णांनी चालवली आणि त्यांना विरोध करायला कुणी नसल्यामुळं ती फार रेंगाळली.

टीव्हीवाल्यांना आम्ही काहीच पाठवलं नाही.

त्यानंतर काकू पूर्वीसारख्याच रोज छावणीत जात. मी दूध न्यायला जायचो तेव्हा दिसायच्या. भाकरी ठेवायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायच्या आणि पाठ फिरवून चालू लागायच्या. तात्या त्यांच्याकडं बघत राहायचे. एकदा मी म्हटलं, "काकू आज लगेच निघाल्या?" तर म्हणाले, "आता गोष्ट सांगत न्हाई ती." भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तो म्हशीला दिला.

आणि मग एका संध्याकाळी मी केंद्र बंद करत होतो तर समोरून तात्या येताना दिसले. उन्हं कलली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत फुफाटा. मला वाटलं छावणीत जनावर दगावलं.

"काय झालं, तात्या?"

"काय न्हाई. घरी चाललोय. जेवायला."

"मग म्हशी?"

"बाजूच्या दावणीवाल्याला सांगितलंय. जेवून जाईन माघारी."

"अहो, दोन-अडीच कोस येऊन दोन-अडीच कोस जाणार? काकू आणतात की तिथं भाकरी."

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "तिनं लई दिस आनली," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले. मी तिथंच किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. मला वाटलं एक दिवसाचं खूळ असेल. दुसऱ्या दिवशीही ते आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

मला राहवलं नाही. फॅटचं मशीन बिघडलंय असं निमित्त काढून मी त्यांच्या घराकडं गेलो. दिवेलागण झाली होती. दार उघडंच होतं. तात्या चुलीसमोर पाटावर बसले होते, ताट पुढ्यात, आणि समोर दुसरं ताट काकूंचं. भाकरीतून वाफ निघत होती. दोघं जेवत होते. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो, कारण आतून काकूंचा आवाज येत होता. हळू, पण स्पष्ट.

"...मंग यान उतरलं गावाच्या भायेर. कप्तान पायीपायी घरला आला. आन् दाराची कडी वाजवली त्यानं."

"मंग?" तात्यांनी विचारलं. घास हातातच होता.

काकूंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"मंग काय," त्या म्हणाल्या. "ती काय लगीच दार उघडंना."